कळकलेलं मशीन

सगळी दुनिया ट्रान्झिस्टरवर गेली होती, तेव्हा मी काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. मुंबईहून टपालानं जी किटं मिळायची त्यांत व्हॉल्व्हचं सगळ्यांत स्वस्त होतं. दुकानदाराला ते कुणाच्या तरी गळ्यात मारायचंच असणार, आणि माझा गळा सेलूत बसून वाटच पाहत होता.

मी तेव्हा एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. कापसाचा हंगाम संपला की काटाही रिकामा आणि मीही रिकामा. त्या रिकामपणात मी रेडिओची मासिकं वाचायचो. वाचलेल्यातलं अर्धं कळायचं, आणि कुठलं अर्धं कळलंय ते कळायचं नाही. तरी गल्लीत 'त्याला मशीनमधलं समजतं' असं माझं नाव झालं होतं. दोन इस्त्र्या आणि एक टेबलफॅन दुरुस्त केला की आमच्याकडं माणूस इंजिनिअर व्हायचा.

किट मी हौसेनं मागवलं, पण त्याला कामाला लावलं आत्यानं.

आत्या आमच्या घरासमोरच राहायची. आमचं घराणं शिवभक्तांचं. श्रावणात दर सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळात भजन असायचं. आधी बाप्यांचं, मग बायकांचं. बायकांच्या मंडळाची म्होरकी आत्या. लाउडस्पीकर भाड्याचा, आणि त्याचा मालक असा की बाप्यांचं भजन संपलं की लगेच वायरी गुंडाळायला लागायचा. आदल्या श्रावणात तर बायकांनी दुसरं पद उचललं न उचललं तोच त्यानं बटण बंद केलं, आणि मशीन तापलंय, तुम्ही असंच म्हणा, असं सांगून तो चहाला गेला. बाहेर पटांगणात बसलेली माणसं उठून गेली. आत गाभाऱ्यापुढं बायका एकमेकींसाठी गात राहिल्या. घरी आल्यावर आत्या कुणाशी बोलली नाही. आत्या गप्प बसली म्हणजे आत काहीतरी शिजतंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शिजलं ते असं. तिनं देवळाच्या पंचांकडं जाऊन सांगितलं, की ह्या साली बायकांचं मशीन घरचं असणार आहे. तवा शेवटच्या सोमवारी आधी आम्ही गाणार, दिवेलागणीला, माणसं असताना. पंच हसले. मग म्हणाले, गा की. पण तुमचं मशीन मधी बंद पडलं तर पुढच्या सालापासून बायकांचं भजन दुपारी. दुपारी त्या देवळात गुरव आणि दोन शेळ्या असायच्या, आणि त्यांतला गुरव झोपलेला असायचा. आत्यानं ही अट जागच्या जागी मान्य केली आणि घरी येऊन मला विचारलं, "तुझं ते मशीन कवा व्हायलंय?"

म्हणजे शब्द आधी दिला आणि चौकशी मग केली. माझ्यावर एवढा विश्वास त्याआधी कुणी टाकला नव्हता. टाकण्यासारखं काही कारणही नव्हतं.

वैशाखात जोडणीला बसलो. सेलूचा वैशाख असा, की पत्र्याखाली बसलं तर हातातला सोल्डरिंगचा आयर्नच त्यातल्या त्यात गार वाटावा. अंगात बनियन, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आणि पुढ्यात ॲल्युमिनिअमचा उलटा डबा, ज्याला मासिकवाले चासी म्हणत. किटाबरोबर सोल्डरची तार मोजकीच आली होती. चांगल्या कारागिराचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, तांदळाच्या दाण्याएवढा असतो. माझे डाग हरभऱ्याएवढे. निम्मं काम झालं नाही तोच तार संपली.

तसली तार मिळायची परभणीला. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं; त्या आठवड्यात कुठं मोर्चा, कुठं बंद, एसटीचा भरवसा नव्हता. केवढ्या मोठ्या प्रश्नासाठी माणसं रस्त्यावर होती, आणि मी हातभर तारेसाठी बेजार झालो होतो. थोडा दम धरला असता तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती. पण दम धरणं मला कधी जमलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्र्याचं दुकान होतं, तिथं गळक्या बादल्या झाळून मिळायच्या. तिथून कथलाची एक कांडी आणि बाटलीभर तेजाब घेऊन आलो. हे तेजाब, म्हणजे ॲसिडच, काडीनं लावायचं, वर कांडी आणि आयर्न टेकवायचा. की डाग असा चटकन पसरतो, असा चकाकतो, की बघत राहावं. मी बघत राहिलो. आधीचे मळके डागसुद्धा मी उकरून काढले आणि तेजाब लावून नवे केले. जे ओघळलं ते पंच्यानं टिपून घेतलं. माझ्या हातून इतकं देखणं काम आधी कधी झालं नव्हतं. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

मानवतच्या एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा जुना कर्णा मिळाला, तो आणून माळवदावर बांधला. बटण दाबलं, हळूहळू व्हॉल्व्ह तापले, आत नारिंगी उजेड दिसायला लागला. आत्याच्या हातात माईक दिला आणि काहीतरी बोल म्हटलं. मला वाटलं, देवाचं नाव घेईल. आत्या माईकमध्ये म्हणाली, "अगं, दूध उतू जायलंय का बघ."

तिची सून मागच्या दारी होती, ती धावत आत गेली. तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी तीन-चार घरांतल्या सुनाही आपापल्या चुलीकडं धावल्या. दूध सगळ्यांचंच वाचलं. आत्यानं माईककडं एकदा निरखून पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिच्या चालण्यात फरक पडला. आडावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत ती सांगत सुटली, की आमचं मशीन घरचंय. मी ते जुन्या लुगड्यात गुंडाळून फडताळात ठेवून दिलं. चालत्या वस्तूला हात लावू नये एवढी अक्कल मला होती. ती नेमकी चुकीच्या वेळी वापरली.

श्रावण आला. त्या साली आभाळ उघडायचं नावच घेत नव्हतं. भिंती ओल्या, काडेपेट्या ओल्या, मिठाच्या बरणीत पाणी. शेवटचा सोमवार चार दिवसांवर आला तेव्हा मी लुगडं सोडलं आणि बटण दाबलं. कर्ण्यातून आधी मोहरी तडतडली. मग घूंऽऽ असा आवाज, जिनिंगमधला पट्टा सरकायला लागला की येतो तसा. मग त्या घूंमध्येच कुणीतरी कोंबडी धरायला गेल्यासारखा गोंधळ. आत्या दारात उभी होती. मी म्हटलं, अजून तापायचंय.

तापल्यावर कोंबड्या वाढल्या.

पहिला दोष मी व्होल्टेजला दिला, कारण त्याला उलटून बोलता येत नाही. मग अर्थिंगला. अंगणात खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, त्यावर कोळसा आणि मीठ घातलं आणि वरून बादल्यांनी पाणी ओतलं. श्रावणात अंगणात पाणी ओतणारा माणूस बघायला शेजारपाजारचे उंबऱ्यात येऊन उभे राहिले. घूं होता तसाच. मग व्हॉल्व्ह काढून घातले, घालून काढले. मग आठवलं, की मासिकात लिहिलं होतं, तडतड आली की समजावं एखादा डाग कच्चा राहिलाय. हे मला एकदम पटलं. पटायचं कारण असं, की डाग पक्का करायचं औषध माझ्यापाशी बाटलीत तयार होतं.

पुढचे दोन दिवस मी डाग पक्के करत होतो. संशय आला की तेजाबाची काडी, वर कांडी. एका कोपऱ्यात पक्कं केलं की दुसऱ्या कोपऱ्यात तडतड. की तिथं तेजाब. रोग्याला मी रोगच पाजत होतो, आणि हा खंगतोय कशानं म्हणून आणखी पाजत होतो. शनिवारी दुपारी तर मोठ्या व्हॉल्व्हच्या पोटातला पत्रा लालबुंद झाला. मी घाईनं बटण बंद केलं आणि आत पाहायला वाकलो. बटण बंद केलं तरी कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, हे मला ठाऊक होतं. गळ्यातल्या चांदीच्या डबीला ठाऊक नव्हतं. ती लोंबली, आत कुठंतरी टेकली, फट्‌दिशी ठिणगी उडाली आणि मी पाठीमागच्या ज्वारीच्या पोत्यांवर जाऊन पडलो. झटका मला बसलाच नव्हता. पण बसला असं समजून मी जे ओरडलो, ते कर्णा बंद असूनही गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

आत्या धावत आली. तिनं आधी डबी उघडून इष्टलिंग नीट आहे ना ते पाहिलं, मग मला पाहिलं. दोघंही शाबूत आहेत असं तिनं दाराबाहेर जमलेल्यांना सांगितलं. मग दोरा फिरवून डबी माझ्या पाठीवर टाकली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"सोमवारी व्हईल ना रे?"

आत्याला मी उभ्या जन्मात खरं फार कमी वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, ठाऊक नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग आजच सांगून येते पंचायला. बसतो म्हणावं दुपारी." आणि उठलीच नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत बसून राहिली. गेले दोन महिने बायका रोज जेवणं उरकून तिच्या ओसरीवर जमत होत्या, पदं पाठ करत होत्या. त्यांच्यातली एक तर माहेरपणाला जायची ती गेली नव्हती. हे सगळं मी समोरच्या दारातून पाहिलेलं होतं, त्यामुळं तिनं बोलून दाखवायची गरज नव्हती.

मग तिची नजर माझ्या उलट्या डब्याकडं गेली. आतली बाजू ती पहिल्यांदाच पाहत होती. पुढं सरकली, पदरानं नाक झाकलं, आणि घरात तोंड घालणाऱ्या मांजराला बोलावं त्या आवाजात म्हणाली, "ह्याच्यात आंबट काय ठेवलं व्हतंस?"

मला हसू आलं. तिला समजावून सांगायला लागलो, की यात खायची वस्तू ठेवत नाहीत.

"हसायलास काय? हे बघ, कळकलंय सगळं."

पितळी भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक नाहीतर चिंचेचं सार राहून गेलं, की कडेनं हिरवा थर चढतो. त्याला कळकणं म्हणतात. आमच्या घरात हा गुन्हा सगळ्यांत मोठा. एकदा कळकलेली आमटी खाऊन अख्खं घर ओकलं होतं. मी तिच्या बोटाकडं पाहिलं. माझ्या चकाकत्या डागांभोवती, व्हॉल्व्हच्या पायांशी, डाग द्यायच्या पट्टीवरच्या तांब्याच्या टोकांना तसाच हिरवट, ओलसर थर. मी म्हणणार होतो, आंबट काही नव्हतं. पण बाटली माझ्या मांडीला लागूनच उभी होती. तेजाबाइतकं आंबट सेलूत दुसरं काय होतं?

पुढचं सगळं मग आपोआप उलगडत गेलं. पंच्यानं टिपलं म्हणजे धुतलं असं नाही. उरलेलं तेजाब पट्टीवर बसून राहिलं होतं. वैशाखात ते कोरडं, म्हणून मुकाट. श्रावणात त्यानं मिठाच्या बरणीसारखी हवेतली ओल ओढून घेतली, आणि त्या ओलीवरून करंट नको त्या वाटेनं पाझरायला लागला. वर मी दोन दिवस त्याला ताजं तेजाब पाजत होतो. दोष सापडला की माणसाला स्वतःची लाज वाटते म्हणतात. मला कसली लाज? मला इतकं मोकळं वाटलं, की मी आत्याच्या पाया पडलो. ती म्हणाली, "पाया नंतर पड. आता हे घास."

रविवारी सकाळी सगळे डाग सोडवले. ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर बाजूला केले. व्हॉल्व्हची खोबणी आणि पट्ट्या एवढंच सोड्याच्या पाण्यात उकळायचं ठरलं. त्यासाठी आत्यानं एक पातेलं दिलं आणि ते परत चुलीवर चढणार नाही असं बजावलं. तेवढ्यात तालमीला बायका आल्या. मशीन परातीत पाहून त्या आधी हबकल्या, मग पदर खोचून बसल्या. दात घासायचे जुने ब्रश घराघरांतून आले. एकीनं शिकेकाई लावू का म्हणून विचारलं. दुसरी खोबणीच्या भोकांतून ब्रश फिरवत म्हणाली, "आमच्या मालकाला बी एवढं घासलं न्हाई कदी." पद म्हणत म्हणत घासणं चाललं होतं, तालमीचा खाडाही झाला नाही.

एक घोटाळा मी करून बसलो होतो. कुठला भाग कुठून काढला ते टिपून ठेवलं नव्हतं. किटाच्या कागदावर वैशाखातच माझ्या घामानं निम्म्या रेघा पुसल्या होत्या. पण मी एकेक तुकडा सोडवत होतो तेव्हा आत्यानं समोर एक मोठं ताट ओढून घेतलं होतं आणि सुटलेले तुकडे जेवण वाढावं तसे त्यात मांडत गेली होती. वर मधोमध मीठ, डावीकडं चटणी, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, आमटी. चासी तिच्या डोळ्यांसमोर जशी होती तशी ताटात उतरली. जोडायच्या वेळी ती ताटाशी बसली आणि मी विचारलं की सांगायची, "हा चटणीशेजारचा. न्हाई, तो भज्याच्या जागचा, ठेव खाली." हा ॲम्प्लिफायर कुठल्या मासिकातल्या नकाशावरून जोडलाय असं पुढं कुणी विचारलं, की मी विषय बदलायचो.

वाळवायला ऊन नव्हतं. चुलीतला विस्तव ओढून त्याच्या उबेत परात ठेवली, आणि आत्यानं खोबणी भाकरीसारखी निगुतीनं उलटसुलट केली. तेजाबाच्या जागी आता राळ. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळच असते, एवढं मला मासिकातून ठाऊक होतं. ती किराणा दुकानात पुडीनं मिळते हे मात्र आत्ता सुचलं. स्पिरिट एका ओळखीच्या कंपाउंडरनं दिलं. राळ त्यात विरघळवली, चिकट काढा झाला, आणि त्यानं डाग दिले. पहिल्यासारखे ते चकाकेनात. मळके, मनाविरुद्ध चिकटल्यासारखे दिसत होते. मला ते फार आवडले.

जोडून झालं आणि लाइट गेली.

ती सोमवारी दिवसभर आलीच नाही. म्हणजे चालवून पाहायची सोयच राहिली नाही. आत्यानं लाकडी खोक्याला बाहेरून विभूतीची बोटं ओढली; आतही लावायची होती, पण मी हात धरला. ती म्हणाली, बरं, आतलं तुझं.

दिवेलागणीच्या सुमाराला लाइट आली. देवळाच्या पटांगणात माणसं ताडपत्रीखाली दाटून बसली होती. पंच पुढंच. भाड्याच्या मशीनचा मालक खांबाला टेकून उभा. त्याला आज काम नव्हतं, तरी आला होता. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट सगळं पटांगण माझ्या पाठीकडं बघत होतं, आणि पाठीवर महादेवाची डबी होती. आत नारिंगी उजेड आला. कर्ण्यातून काही आलं नाही. घूं नाही, मोहरी नाही, काहीच नाही. मला वाटलं, संपलं. पंचांपैकी एकानं घसा खाकरला.

मग आत्यानं माईक तोंडाशी नेला आणि टाळ वाजवायच्या आधी शेजारणीला हळूच विचारलं, "पह्यलं कोणतं गं?"

हे 'पह्यलं कोणतं गं' साऱ्या पटांगणावर, माळवदांवर, पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. लोक हसले. आत्याही हसली. आणि बायकांनी पद उचललं.

त्यांनी काय गायलं, किती गायलं, मला सांगता येणार नाही. मी मशीनशेजारी मांडी घालून, ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बसलो होतो, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. शेवटच्या पदापर्यंत पटांगणातून कुणी उठून गेलं नाही, एवढं मात्र मान वळवून वळवून पाहत होतो. ते गाणं मी ऐकलंच नाही. ऐकली ती दोन पदांच्या मधली जागा. पद संपायचं, टाळ थांबायचे, आणि कर्ण्यातून काहीही यायचं नाही. तडतड नाही, घूं नाही. नुसती बांगड्यांची हालचाल, पुढचं पद सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वास, ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी. एकदा मागच्या रांगेतली म्हातारी खोकली, आणि तो खोकला इतका निर्मळ, इतका मोकळा ऐकू आला, की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.